एवढं आमचंही घेऊन जा

हेमंतनं बापाची सायकल छपरीतून काढली, ती दुरुस्त करून आणायला. पोळ्यापासून ती भिंतीला टेकून उभी होती. टायरांत हवा नाही, चेन गंजलेली, सीटवर कोंबडीनं घर केलेलं. कॅरिअरला अडकवलेली जाड कापडाची पिशवी मात्र जशीच्या तशी. आत कलमाचा चाकू आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांचा गुंडाळा अजून पडून होता.

कवडूजी, म्हणजे हेमंतचे वडील, संत्र्याची कलमं बांधायचे. जंबेरी लिंबाच्या रोपाच्या सालीत संत्र्याच्या फांदीचा डोळा बसवायचा, वरून पट्टी गुंडाळायची, डोळा तेवढा मोकळा ठेवायचा. शेवटच्या वेढ्यात पट्टीचं टोक घालून ते डावीकडं ओढायचं. बाकीचे सगळे उजवीकडं ओढतात. कवडूजींच्या हातची पट्टी म्हणूनच कोणीही ओळखायचा. पांढुर्ण्यापासून रामाकोन्यापर्यंत अशी बाग नसेल जिथं त्यांच्या हातचं झाड नाही, आणि सगळं काम याच सायकलवर. मग किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा नागपूर. कधी एसटी, कधी कोणाचा टेम्पो, कधी नुसतंच फाट्यावर उभं राहून परत. माणूस आजारानं खंगला त्यापेक्षा जास्त त्या जाण्यायेण्यानं खंगला, असं त्यांची बायको कलाबाई म्हणायची. पोळ्याच्या सहा दिवस आधी ते गेले.

"आपल्या पेशंटाइले नागपूरले नेणारी एक गाडी पायजे ना बे," हेमंतचा दोस्त अंकुश म्हणाला. अंकुशचं मोबाइलचं दुकान, आणि गावात काहीही निघो, पुढाकार त्याचाच. "सायकल यात्रा काढू. रामाकोन्याहून निघू, सौसरवरून पांढुर्णा. ज्यानं त्यानं आपल्या माणसाच्या नावानं चालवायची. लोक वर्गणी देतील."

हेमंत एका शब्दानं हो म्हणाला. लोकांना वाटलं, पोरगा बापाला किती मानतो! मानत होताच. पण हो म्हणण्याचं कारण वेगळं होतं, ते त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. मी सांगतो, कारण ते माहीत नसेल तर पुढचं काहीच कळायचं नाही.

चिता पेटवताना ज्या दगडानं मडकं फोडतात, तो जीवखडा. गेलेल्याचा जीव दहा दिवस त्यात राहतो असं मानतात. तो पांढऱ्या फडक्यात बांधून अग्नी देणाऱ्यानं जपायचा, रोज नदीवर नेऊन त्याला पाणी द्यायचं, आणि दहाव्याला पिंड झाले की नदीत सोडायचा. मग माणूस सुटला. हेमंतनं मडकं फोडलं तेव्हाच तो दगड नीट पाहून ठेवला होता. काळा, मुठीत मावेल एवढा, आणि मधून एक पांढरी शीर गेलेली.

पण दहा दिवसांच्या मध्येच पोळा आला, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार. अलीकडं पांढुर्णा, पलीकडं सावरगाव, मधे पळसाचा झेंडा आणि दोन्हीकडून दगड. हेमंत सुतकातला माणूस, त्यानं तिकडं फिरकायलाही नको होतं. पण पाणी तर द्यायचंच होतं. "सरळ नदीवर जा अन् सरळ घरी ये," आईनं चारचारदा बजावलं. पुरचुंडी मुठीत घेऊन तो काठावर आला. समोर सावरगाववाले झेंड्यापर्यंत पोहोचत आलेले, इकडं आरडाओरडा, कोणीतरी कानाशी ओरडलं, "गोटे सरले! मार, मार!" आता पांढुर्ण्याच्या माणसाच्या मुठीत दगड असला आणि समोर सावरगाव दिसलं, की हात त्याच्या ताब्यात राहत नाही. हेमंतचा हात वर गेला आणि खाली आला, तेव्हा तो रिकामा होता.

बाप फेकून दिला! लहानपणी आजारी पडलो तर रात्रभर मांडीवर घेऊन बसणारा बाप, अन् मी त्याला सावरगाववर भिरकावला! काठावरचाच एक काळा दगड उचलून त्यानं दुसऱ्या पांढऱ्या फडक्यात बांधला आणि तोंडातून ब्र काढला नाही. दहाव्याला तोच नदीत सोडला. कावळा पिंडाला शिवायला आलाच नाही. ऊन डोक्यावर आलं, माणसं ताटकळली, शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

बाप अडकलाय आणि तो आपल्यामुळं अडकलाय, हे तेव्हापासून हेमंतच्या डोक्यातून हलेना. बापाच्या सायकलवर, बापाच्याच रस्त्यानं, बापासारख्यांसाठी एवढं अंतर गेलो तर तो सुटेल काय? माहीत नाही. पण दुसरं काही सुचत नव्हतं.

जानेवारीतला रविवार होता. सकाळी साडेसहाला रामाकोन्यात बावीस सायकली उभ्या राहिल्या आणि धुकं असं की शेवटची सायकल पहिल्याला दिसेना. प्रत्येकाच्या पाठीवर कापडी पट्टा, त्यावर आपल्या माणसाचं नाव. हेमंतच्या पाठीवर मोठ्या अक्षरात कवडू. सगळ्यांच्या मागं अंकुशची पिकअप, पाणी आणि औषधाची पेटी घेऊन.

"धुई लय हाये, सांभाळून," अंकुश म्हणाला. "मी मागंच हावो."

बाकीच्यांच्या गिअरच्या सायकली सुर्रकन निघून गेल्या. हेमंत पडला मागं. थोड्याच वेळात कोणाचा आवाज येईना, पिकअपचा दिवाही दिसेना. चेनची करकर आणि स्वतःचा श्वास, बस. दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा असाव्यात, कारण पानांवरून थेंब गळताना ऐकू येत होते. आणि एक वास होता. ओल्या राखेचा, त्यात थोडा तुपाचा. कोणीतरी पालापाचोळा पेटवला असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं.

"कवडूभाऊ..."

बांधावर एक म्हातारी उभी होती. डोक्यावरून पदर, कपाळ रिकामं. हेमंतनं ब्रेक दाबला.

"नदीवर चालले ना?" तिनं विचारलं.

पाठीवरचं नाव वाचलं असेल बिचारीनं, हेमंतला वाटलं. ती समोर उभी होती आणि नाव पाठीवर होतं, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

"हाव, आजी. पांढुर्ण्याले जाऊन राहिलो."

"मंग एवढं आमचंही घेऊन जा."

त्यानं हात पुढं करायच्या आत तिनं पिशवीत काहीतरी टाकलं. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली पुरचुंडी. पेशंटांसाठी संत्री दिली असतील. गावोगावचे लोक देणारच होते, अंकुशनं तसं सांगितलंही होतं.

"नेशील ना? सोडशील ना नीट?"

"नेतो, आजी," तो म्हणाला आणि पॅडल मारलं. सोडशील म्हणजे काय, ते विचारायचं राहूनच गेलं.

तिथून पुढं सायकल जड झाली. चार संत्र्यांनी व्हावी एवढी नाही, चांगलीच. आणि थोड्या वेळानं मागून आवाज यायला लागला. चपलांचा. फट, फट, फट... कोणीतरी सायकलमागं पळावं तसा. हेमंतनं वेग वाढवला, आवाजही वाढला. त्यानं वेग कमी केला, आवाजही कमी झाला. चढ आला तशी गंमत म्हणा, का काय म्हणा, सायकल हलकी झाली. कोणीतरी कॅरिअर धरून ढकलत होतं.

हे ढकलणं त्याच्या ओळखीचं होतं. तो सात वर्षांचा होता, नदीकाठच्या मैदानात याच सायकलवर तो दांडीखालून पाय घालून शिकत होता आणि बाप मागून कॅरिअर धरून पळत होता. 'मागं पाहू नको, मी धरून हावो.' एवढंच म्हणायचा. हेमंतनं मागं पाहिलं की हमखास पडायचा.

त्यानं मागं पाहिलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुक्यानं असेल, नाहीतर दुसऱ्या कशानं. "बाबा?" तो हळूच म्हणाला. चपलांचा आवाज तेवढा चालू राहिला.

सौसरला चहाचा थांबा होता. धुक्यातून मंडप दिसला तेव्हा हेमंतच्या जिवात जीव आला. मंडपात कोणीच नव्हतं. तो उतरतो न उतरतो तोच मागं पिकअप येऊन थांबली.

"लय मागं राहिलो काय बे मी?" हेमंतनं विचारलं. "सगळे चहा पिऊन गेले वाटते."

"मागं?" अंकुशनं कपाळाला आठ्या घातल्या. "तू तर सगळ्याइच्या पुढं हायेस."

"अन् तू?"

"मी सगळ्याइच्या मागं."

"मंग तू माझ्या पाठोपाठ कसा आला?"

अंकुश बोलायला गेला आणि थांबला. बोटानं रस्त्याकडं दाखवत त्यानं मनातल्या मनात जुळवून पाहिलं. "म्हंजे पाहा... माझ्या पुढं तू होता. शंभर फुटांवर. तुझा पट्टा मले दिसून राहिला होता. कवडू. पूर्ण रस्ताभर. अन् बाकीचे..."

बाकीचे तेव्हा धुक्यातून येत होते. पिकअपच्या मागून. एकेक करून एकवीस जण आले, सायकली लावल्या, चहाला ओरडायला लागले.

"ते म्हातारी भेटली तेव्हा तू कुठी होता?" हेमंतनं विचारलं.

"कोणती म्हातारी? तू थांबलाच कुठी? एका दमात आला."

"थांबलो ना! तिनं संत्री दिली."

"धुईनं डोक्याचा भुगा झाला आपल्या दोघाइच्या," अंकुश म्हणाला आणि हसला. पण ते हसू काही खरं नव्हतं. चहा हातात घेतल्यावर तो हळूच म्हणाला, "हेमंत, तुझ्या मागं पळून कोण राहिलं होतं बे?"

हेमंतनं चहा तसाच ठेवला आणि तो सायकलवर बसला.

सौसर सोडल्यावर धुकं उठेल असं वाटलं होतं. उठलं नाही. एका बसथांब्याच्या छपराखाली घोंगडी पांघरलेला माणूस बसला होता. "कवडूभाऊ, एवढं आमचंही घेऊन जा." पुढं नाल्याच्या पुलावर दोघी जणी होत्या, बहिणी असाव्यात, सारख्याच तोंडाच्या, दोघींनी दोन वेगळ्या पुरचुंड्या टाकल्या. त्यानंतर एका कापसाच्या वावरातून एक तरुण पोरगा धावत आला, कपाळाला पट्टी बांधलेली. त्याला धाप लागली नव्हती. "बरं झालं भेटले, काका. माझं कोणी न्यायलेच तयार नव्हतं," तो म्हणाला.

"यात हाये तरी काय?" हेमंतनं शेवटी विचारलंच.

पोरगा लाजल्यासारखा हसला. "तुम्हाले काय सांगू? तुमचंही तेच हाये ना."

खाली उतरून पुरचुंडी सोडून पाहावी, असं हेमंतला दहादा वाटलं. पण उतरायचं म्हणजे मागं वळावं लागणार, आणि मागं कोण आहे ते त्याला पाहायचं होतं आणि पाहायचं नव्हतं. तसाच तो चालवत राहिला. मांड्या भरून आल्या की कोणीतरी ढकलायचं. घसा कोरडा पडला की संत्र्याच्या सालीचा वास यायचा. भीती वाटत होती की बरं वाटत होतं, ते त्याला आजही सांगता येत नाही.

साडेअकराला पांढुर्णा आलं आणि धुकं एकदम फाटलं. लख्ख ऊन. यात्रेचा शेवट चौकात होता, तिथं ढोल वाजत होते, पण हेमंत आधीच्याच गल्लीतून नदीकडं वळला. जामच्या काठी बायका धुणं धूत होत्या, एक म्हैस पाण्यात बसली होती. गोटमारीच्या दिवशी तो उभा होता ती जागा त्याला झोपेतही सापडली असती. तिथंच त्यानं सायकल लावली आणि पिशवी वाळूत उपडी केली.

चाकू आणि पट्ट्यांचा गुंडाळा बाजूला करून त्यानं पुरचुंड्या सोडल्या, तर सगळे दगड. जीवखडे. म्हातारीचा एक, घोंगडीवाल्याचा एक, बहिणींचे दोन, पोराचा एक, हे झाले पाच. वाळूत सहा होते.

सहावा फडक्यात नव्हता. त्याला कलमाची प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली होती. वेढ्यावर वेढा, मधे डोळ्याएवढी जागा मोकळी, आणि टोक डावीकडं ओढलेलं. त्या मोकळ्या जागेतून काळ्या दगडावरची पांढरी शीर दिसत होती.

हेमंत वाळूत गुडघ्यांवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. धुणं धुणारी एक बाई म्हणाली, "काय झालं गा, भाऊ?" तो काय सांगणार! चुकलो बाबा, चुकलो, एवढंच म्हणत होता. मग एकेक दगड त्यानं ओंजळीत घेतला, पाणी दिलं आणि सोडला. पाच लोकांचे पाच. शेवटी बापाचा. "जा आता, बाबा. मागं पाहू नका," तो म्हणाला.

घरापर्यंत सायकल पिसासारखी आली. मागं काही आवाज नव्हता.

दारात कलाबाई आरतीचं ताट घेऊन उभी होती. कवडूजींनी जाण्याआधीच्या दिवाळीत आणलेली, कधीच न नेसलेली आकाशी सुती साडी तिनं आज पहिल्यांदा काढली होती. पोरगा बापाच्या नावानं एवढी सायकल चालवून येतो, मग जुनेरं नेसून कसं ओवाळायचं! हेमंतनं ओवाळून घेतलं, पाटावर बसला, आणि पहिला घास तोंडात घालायच्या आधी सगळं सांगून टाकलं. गोटमार, फेकलेली पुरचुंडी, खोटा दगड, आणि आज नदीवर काय सापडलं ते.

त्याला वाटलं आई रागावेल, रडेल. तसं झालं नाही.

"तू त्याइले फेकलंच नव्हतं," ती म्हणाली.

"माय, माझ्याच हातानं..."

"तू फेकला तो पाट्याजवळचा गोटा होता. गोटमारीच्या दिवशी तू नदीवर जाणार, अन् तुझा हात मले माहीत नाही काय? सकाळीच मी फडक्यातला बदलून ठेवला. खरा माझ्या पेटीत ठेवला. दहाव्याले परत ठेवीन म्हटलं..." तिचा आवाज बारीक झाला. "पण माझ्यानं झालंच नाही रे. पस्तीस वर्षं तो माणूस सकाळी सायकल घेऊन जाये अन् संध्याकाळी परत ये. मी म्हटलं, राहू दे घरात. कोणाचं काय बिघडते? रोज बोलतो आम्ही. आज सकाळीही बोललो."

"मंग मी आज सोडला तो कोणता?"

कलाबाई उठली. पेटी उघडली, तळातून पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी काढली. गाठ तिनंच मारलेली, घट्ट, चार महिन्यांची. ती तशीच होती. तिनं दातांनी गाठ सोडली. फडकं उलगडलं.

आत काही नव्हतं. फडकं ओलं होतं, एवढंच.

मग कलाबाई म्हणाली, "गेले?"

"हाव, माय."

"मले न सांगता?" ती म्हणाली. "एक डाव मले तरी विचारायचं ना रे, हेमंत... मीही आली असती."

या शेवटच्या वाक्यानं हेमंतला भरून आलं. त्यानं आईचे हात धरले. ते गार होते. बाप सुटला, या आनंदात आई एकटी पडली हे त्याला सुचलंच नव्हतं. तिनं त्याला जेवू घातलं, स्वतः जेवली नाही, आणि तुळशीजवळ उन्हात जाऊन बसली.

चार वाजता हेमंत पिशवी धुवायला अंगणात आला. नदीवर त्यानं ती उपडी करून झटकली होती, आतली वाळूसुद्धा झटकली होती. कॅरिअरवरून काढायला गेला तर ती उचलेना. तिच्या तळातून पाणी ठिबकत होतं.

आत तीन पुरचुंड्या होत्या. आपण नेतो, नीट सोडतो, ही गोष्ट कुठंतरी कोणाला तरी कळली होती. पहिली जुन्या धोतराची. दुसरी लहान मुलाच्या झबल्याची, ती त्यानं हातात घेतली आणि लगेच ठेवली. तिसरी कोऱ्या कापडाची होती. अजून खळ न गेलेली. आकाशी.

हेमंतची मान हळूहळू तुळशीकडं वळली. आई पाठमोरी बसली होती. पदर मागं जमिनीवर पडला होता आणि त्याचा एक कोपरा चौकोनी, हातभर, कोणीतरी नीट फाडून नेल्यासारखा गेला होता.

"माय," तो म्हणाला, "पदर... पदर कुठी फाटला?"

"कोणता पदर?" कलाबाई न वळता म्हणाली. "आजच तर घडी मोडली मी याची."